पाऊण अंश आत

आज एका चाकाकडे पाहत बसायचं आहे. मागच्या डाव्या चाकाकडे. गाडी आहे जॅग्वार ई-टाइप, १९६१ सालची, ३.८ लिटर इंजिनाची, इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्यात बनलेली. ती तुमच्याकडे नसणार. त्याने काही अडत नाही. मननाला गाडी दारात लागत नाही. तिची रचना डोळ्यांपुढे नीट उभी राहिली की झालं. वाचता वाचता थांबावंसं वाटलं तर थांबा, मजकूर कुठे जात नाही.

गाडीच्या मागे चार-पाच हातांवर स्टूल टाकून बसा. या गाडीचा लांबलचक बॉनेट सगळ्यांनी पाहिलेला असतो. माल्कम सेयर हा विमानांच्या कारखान्यातून आलेला माणूस, त्याने हा आकार दिला आणि लोक त्यावरच खिळले. मागे बसून कोणी पाहत नाही. आपण मागेच बसू.

चाक तारांचं आहे, पंधरा इंची. त्याच्या वरच्या कडेकडे बघा. मग खालच्या, जिथे टायर जमिनीला टेकतो. पुन्हा वर. वरची कड किंचित आत, गाडीच्या पोटाकडे झुकलेली दिसते. या कलण्याला कॅम्बर म्हणतात. वरची बाजू आत असेल तर उणा, बाहेर असेल तर अधिक. एवढी एकच व्याख्या पुरे.

आता मनात काय उमटलं ते पाहा. 'चाक वाकडं आहे, सरळ करायला हवं.' हा विचार फार लवकर येतो. तो आला तर येऊ द्या, पण हातात पान्हा घेऊ नका.

सरळ म्हणजे केव्हा सरळ? गाडी उभी असताना की वळणावर असताना? गाडी उजवीकडे वळवा, मनातच. जास्त भार डाव्या चाकांवर येतो. गाडीचं अंग डावीकडे कलतं आणि आपल्याबरोबर डाव्या चाकालाही बाहेर कलवू पाहतं. उभ्या गाडीत अगदी ताठ असलेलं चाक ऐन वळणात बाहेरच्या कडेवर जाईल, आणि रबराचा जो पट्टा रस्ता धरून ठेवतो तो अर्धा उचलला जाईल. म्हणून त्याला आधीच थोडं आत कलतं ठेवायचं. कमरेवर घागर घेतलेली बाई दुसऱ्या बाजूला झुकते, पण ती भार आल्यावर झुकते. चाकाला भार यायच्या आधीच झुकून उभं राहावं लागतं. कारखान्याच्या पुस्तकात या गाडीच्या मागच्या चाकांसाठी आकडा दिला आहे तो पाऊण अंश उणा, पाव अंश इकडे-तिकडे. म्हणजे अर्ध्यापासून एक अंशापर्यंत सगळं बरोबर.

पाऊण अंश किती, ते डोळ्यांनी नीट समजून घ्या. पंधरा इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत, ओळंब्यापासून मोजलं तर, पाच मिलिमीटरचा फरक. तेवढ्यावर दोनशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीची मागची बाजू विसंबून असते.

थोडं मागे जाऊ, कारण हा प्रश्न जॅग्वारला १९६१ आधी फारसा पडलाच नव्हता. आधीच्या एक्सके १५० ला मागे अखंड ॲक्सल होता. ल मान्सची शर्यत १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ जिंकणाऱ्या डी-टाइपलाही तोच. अखंड ॲक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच नळीच्या दोन टोकांना असतात. नळी वाकली नसेल तर सपाट रस्त्यावर कॅम्बर कायम शून्य. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हादरा बसतो, पण कोनाची चिंता नाही. चाकांना एकमेकांपासून मोकळं केलं आणि प्रत्येकाचा कोन हा स्वतंत्र प्रश्न झाला.

त्या प्रश्नाचं सोपं उत्तर काहींनी आधीच देऊन पाहिलं होतं. फोक्सवॅगन बीटल, मर्सिडीजची पंखासारख्या दारांची ३००एसएल, अमेरिकेतली शेवरोले कॉर्व्हेअर, या सगळ्यांना मागे झुलता ॲक्सल होता. डिफरेन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गोळ्याच्या, शेजारी एकच सांधा आणि त्यापुढे चाकापर्यंत सरळ दांडा. चाक दांड्याला नेहमी काटकोनात. त्यामुळे दांडा जितका झुकेल तितकं चाक झुकणार. मागची बाजू उचलली गेली, की चाकं खालून आत ओढली जातात आणि गाडी टायरच्या बाहेरच्या कडांवर उभी राहते. जोरात वळताना ब्रेक मारला तर नेमकं हेच होतं. कॉर्व्हेअर १९६० चं मॉडेल म्हणून आली, आणि १९६५ मध्ये अमेरिकन वकील राल्फ नेडरने गाड्यांच्या सुरक्षिततेवर 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिलं. त्याचं पहिलं प्रकरण तिच्यावरच आहे. गंमत अशी, की त्याच वर्षीच्या मॉडेलला शेवरोलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, झुलता ॲक्सल काढून दुसरी रचना दिली होती. आणि १९७२ मध्ये सरकारी तपासणीत जुनी कॉर्व्हेअरही तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा वेगळी धोकादायक नाही असं निघालं. मला वाटतं दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या वाईट वळत.

जॅग्वारच्या बॉब नाइटने जे केलं ते पाहण्यासाठी आता स्टुलावरून उठा आणि गाडीखाली जा. पक्क्या स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीखाली. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी मनातसुद्धा गाडीखाली जाऊ नये.

मधोमध डिफरेन्शियलचा गोळा. त्याला पत्र्याच्या मजबूत पिंजऱ्यात बसवलंय आणि पिंजरा रबराच्या चार ठोकळ्यांवर गाडीला टांगलाय. गोळ्याच्या दोन्ही अंगांना ब्रेकच्या डिस्क. हो, चाकापाशी नाहीत, इथे मध्ये आहेत. प्रत्येक चाकाला दोन-दोन स्प्रिंगा, त्यांच्या आत शॉक ॲब्सॉर्बर. खाली एक नळीचा आर्म चाकाच्या हबला तळातून धरतो. आणि वरून?

वरचा आर्म शोधा. नजर सावकाश फिरवा.

वरचा आर्म नाही. आहे तो हाफ शाफ्ट, इंजिनाची ताकद चाकाला देणारा फिरता दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट आहेत, आपल्याकडचे मिस्त्री ज्याला क्रॉस म्हणतात ते. त्याची लांबी मात्र ठरलेली. तो ताणत नाही, आखडत नाही. म्हणून वरच्या आर्मचं काम तोच करतो. जो चाकाला फिरवतो तोच त्याला उभं धरतो. खालचा आर्म तळ धरून ठेवतो, वरचा शाफ्ट माथा ठरवतो, आणि या दोघांमध्ये चाकाचा कोन ठरतो. इथे जरा रेंगाळायला हरकत नाही. यंत्रात इतकी काटकसर आणि इतका देखणेपणा एकत्र फार वेळा भेटत नाही. ही रचना जॅग्वारच्याच मार्क टेनला गेली, १९६८ च्या एक्सजे ६ ला गेली, आणि एक्सजेएसच्या पोटात १९९० नंतरही होती. ज्या कंपनीचा हा वारसा, ती २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. कोव्हेंट्रीच्या पिंजऱ्याची मालकी मुंबईत असावी ही गोष्ट ब्राउन्स लेनमध्ये १९६१ साली कोणाच्या स्वप्नात आली नसेल.

आता कोन बदलायचा तर काय करायचं, हे रचनेनेच सांगितलेलं आहे. वरचा दुवा लांब करा, माथा बाहेर जाईल. आखूड करा, माथा आत येईल. शाफ्ट तर लोखंडाचा, तो लांब कसा करणार? त्याच्या आतल्या टोकाला, ब्रेक डिस्क आणि शाफ्टची चकती यांच्यामध्ये, शिम असतात. चार भोकांची पातळ पट्टी, जाडी अर्धा मिलिमीटर. एक शिम घातली की कॅम्बर पाव अंशाने बदलतो. हिशेबही जुळतो: शाफ्टपासून हबच्या खालच्या सांध्यापर्यंत उभं अंतर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर, तेवढ्या उंचीवर अर्धा मिलिमीटर सरकवलं की पाव अंश होतो. आणि शिम डिस्कच्या बाहेरच्या अंगाला आहेत, त्यामुळे शिम बदलल्या तरी डिस्क कॅलिपरमध्ये जिथे होती तिथेच राहते. हे ज्याने योजलं त्याला उद्याच्या मिस्त्रीची आठवण होती.

चाक बाहेर, दुरुस्ती आत. चाक जिथे वाकडं दिसतं तिथे त्याच्या कोनाला हात लावायची जागाच ठेवलेली नाही.

हे कळलं की पुन्हा घाई सुटते. समजा तुम्ही मोजलं आणि डावं चाक पावणेदोन अंश उणं निघालं, उजवं पाऊण. डावीकडे एक अंश जास्त. एक अंश म्हणजे चार शिम. शाफ्ट सोडा, चार शिम घाला, काम संपलं. तासाभरात आकडा बरोबर येईल. आपण ते करणार नाही. आपण तो एक अंश कुठून आला ते एकेक पायरी मागे जाऊन विचारणार आहोत.

पहिला प्रश्न जमिनीला. गाडी उभी आहे ती फरशी समपातळीत आहे का? या गाडीच्या मागच्या दोन चाकांत पन्नास इंचांचं, म्हणजे १२७० मिलिमीटरचं अंतर. तेवढ्या रुंदीत फरशी साडेपाच मिलिमीटर उतरती असली, की गाडीसकट सगळं पाव अंश कलतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला गवंडी याहून जास्त उतार देतो. आपली फरशी उजवीकडे उतरती आहे असं धरा. मग डाव्या चाकाचा उणेपणा पाव अंश वाढून दिसला आणि उजव्याचा तेवढाच घटून. खरे आकडे डावीकडे दीड, उजवीकडे एक. दोन बाजूंमधला एक अंशाचा फरक एका फटक्यात अर्ध्यावर आला, आणि आपण गाडीला अजून हात लावलेला नाही.

दुसरा प्रश्न मोजण्याला. ओळंबा रिमला लावला होता की टायरला? टायर खाली फुगलेला असतो, त्याच्यावर मोजू नका. तारांचं चाक असेल तर रिम डगमगतं असू शकतं. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि मधला आकडा घ्या. गाडी नुकतीच जॅकवरून उतरवली असेल तर टायर जमिनीला धरून राहतो आणि मागची बाजू उंचच अडकते. दोन-चार हात पुढे-मागे ढकला, बसू द्या. अलाइनमेंटच्या दुकानातला छापील कागद दशांश चिन्हासकट आकडा देतो आणि आपण तो डोळे झाकून मानतो. मी मानत नाही. गाडी किती उंचीवर उभी होती हे ज्या कागदावर नाही, त्यावरचा कॅम्बर म्हणजे वेळ न लिहिलेलं वेळापत्रक.

तिसरा प्रश्न इथूनच निघतो, आणि तो सगळ्यात मोठा आहे. उंची. गाडी खाली बसली की चाकांचे माथे आत जातात. वर उचलली की बाहेर येतात. कोन आणि उंची ही एकच गोष्ट दोन बाजूंनी पाहिलेली. जॅग्वारच्या पुस्तकाने म्हणूनच मागचा कॅम्बर मोजताना ठरावीक लांबीचे दोन दांडे वापरायला सांगितलं, जे सस्पेन्शनला एका नेमक्या उंचीवर बांधून ठेवतात. आधी उंची, मग कोन. हा क्रम सोडला तर पुढचं सगळं व्यर्थ.

तर आता त्या स्प्रिंगांकडे पाहा. साठ वर्षांच्या असतील तर त्या थकल्या आहेत. थकलेल्या स्प्रिंगा बदलल्या, गाडी तिच्या उंचीवर आली, आणि समजा दोन्ही बाजूंचे माथे पाव-पाव अंश बाहेर आले. डावीकडे सव्वा, उजवीकडे पाऊण. उजवं चाक कुठेही हात न लावता बरोबर झालं. आधीच शिम घातल्या असत्या तर काय झालं असतं? आकडा बरा झाला असता, गाडी तशीच खाली बसलेली राहिली असती, आणि पुढे कधीतरी स्प्रिंगा बदलल्यावर डावं चाक पाव अंश उण्यावर आलं असतं, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त ताठ. दिसायला छान म्हणून गाडी मुद्दाम खाली बसवायची आणि मग बिघडलेला कोन शिमने झाकायचा, ही रीत मला पटत नाही. नियम म्हणून नव्हे. असं केलेल्या गाडीचा शाफ्ट आणि आर्म दोन्ही त्यांना नेमून दिलेल्या चापाच्या बाहेर काम करत राहतात.

चौथा प्रश्न सांध्यांना. इथे ही सुंदर रचना आपली किंमत वसूल करते. शाफ्टच आर्म असल्यामुळे क्रॉस झिजला की नुसता खटखट आवाज येऊन थांबत नाही, चाकाचा माथाही हलायला लागतो. मनात दोन्ही हातांनी चाक धरा, एक हात वर, एक खाली. आत-बाहेर हलवा. प्ले जाणवतो का? जाणवला तर तो कुठून येतो ते ऐका. तारांच्या चाकाच्या आणि हबच्या दात्यांत असेल. हबच्या बेअरिंगमध्ये असेल. खालच्या सांध्यात असेल, ज्याला ग्रीस लागतं आणि बहुधा मिळत नाही. क्रॉसमध्ये असेल. किंवा थेट डिफरेन्शियलच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगमध्ये, कारण वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटा या शाफ्टमधून शेवटी तिथेच जाऊन पोचतो. शेजारी ब्रेकची डिस्क तापत असते आणि तिथल्या सीलला ती उष्णता रोज सोसावी लागते. जे हलतं त्याचा कोन मोजता येत नाही. मोजला तर तो त्या क्षणापुरता.

आपल्या डाव्या चाकात समजा प्ले नाही. सगळे सांधे घट्ट आहेत. तरी सव्वा अंश आहे, म्हणजे मर्यादेच्या पाव अंश बाहेर. कधीकाळी कोणी शाफ्ट काढला असेल आणि परत बसवताना शिम जागेवर गेल्या नसतील. हे होतं, शिम पातळ असतात, तेलात चिकटून बाकावर राहून जातात.

एवढ्याने काय बिघडतं, असंही विचारून पाहा. प्रश्न रास्त आहे. कललेलं चाक ज्या बाजूला कलतं तिकडे थोडं ओढतं. दोन्ही मागची चाकं सारखी आत कलली असतील तर दोन ओढी एकमेकींना मारतात आणि गाडी सरळ जाते. एक जास्त कललं, की हिशेब उरतो. टायरची आतली कड लवकर झिजते, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा टोची, म्हणजे वरून पाहता चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असण्याची, चूक फार पुढे असते. कॅम्बरची खरी किंमत वेगात आणि ओल्या रस्त्यावर मोजावी लागते. त्या काळी टायर अरुंद होते, आडव्या-तिरप्या धाग्यांचे डनलॉप. मागच्या बाजूने सुटू लागल्याची सूचना देऊन मग सुटत. पकड सुटते तेव्हा दोन्ही वळणांवर ती सारखीच सुटावी, डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच गाडी असं होऊ नये, यासाठी हा पाव-अर्धा अंश.

आता पान्हा घ्या.

डावं चाक उतरवा. स्प्रिंगांची खालची टोकं सोडा म्हणजे आर्म खाली येईल. आतल्या जॉइंटचे चार नट काढा. शाफ्ट बाहेरच्या बाजूला ओढा, डिस्कपासून बोटभर सुटेल. त्या फटीत आधी किती शिम आहेत ते मोजून लिहून ठेवा. मग दोन आणखी घाला. दोन, चार नाही. एक मिलिमीटर. सव्वा अंशातून अर्धा वजा, पाऊण उरला.

उजव्या बाजूला किती शिम आहेत हे पाहून डावीकडे तितक्याच करण्याचा मोह होईल. करू नका. पिंजरा, आर्म, हब सगळं ओतलेलं, जोडलेलं, माणसांनी घडवलेलं आहे. दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या निघत नाहीत, आणि शिम तो फरक भरून काढण्यासाठीच आहेत. जुळवायचा तो कोन. शिमची संख्या वेगळी राहू दे.

सगळं परत बसवल्यावर गाडी खाली घ्या, पुढे-मागे ढकला, त्याच फरशीवर तिचा उतार हिशेबात धरून, त्याच उंचीवर, त्याच ओळंब्याने पुन्हा मोजा. नुसतं डावं नव्हे, दोन्ही. आकडा पाऊणच्या आसपास असेल तर तो पाऊणच समजा आणि आणखी छेडू नका. पाव अंशाची सूट कारखान्याने उगाच दिलेली नाही. एवढं सगळं करून एकच नट जुना राहिला तर केलेलं वाया जाईल. शाफ्टचे ते चार नट स्वतःला अडकवून धरणारे असतात, आणि एकदा सुटले की त्यांची ती पकड कमी होते. ते पुन्हा वापरू नका, नवे आणा.